पाठीवरची चेन

दुपारी कपाट आवरताना मागच्या कोपऱ्यातून एक रबरी राक्षस निघाला. हिरवा, पाठीवर करवतीसारखे काटे, शेपटीचं टोक कुणीतरी चावलेलं. (कुणीतरी म्हणजे मीच.) हातात घेतला, पालथा केला आणि सवयीने पाठीवरची चेन शोधली. खेळण्याला कसली आलीय चेन! पण माझी खोडच ती. पडद्यावर कुठलाही अक्राळविक्राळ जीव आला की माझी नजर दातांच्या आधी त्याच्या पाठीकडे जाते.

याला जबाबदार दादा. मी सहा-सात वर्षांची असेन. टीव्हीवर गॉडझिला शहर तुडवत होता आणि मी पांघरुणात डोकं खुपसून नुसता आवाज ऐकत होते. ते बघण्यापेक्षा वाईट. दादा दहा वर्षांचा, त्यामुळे सर्वज्ञ. म्हणाला, "घाबरतेस काय येडे, आत माणूस आहे."

धीर द्यायला म्हणाला असणार. माझी मात्र झोपच उडाली. आत माणूस आहे? कधीपासून? त्याला बाहेर येता येत नाहीये, म्हणून ओरडतोय का तो? तोवर मला शहराची काळजी होती, त्या रात्रीपासून आतल्या माणसाची लागली.

पुढे जे जे कळत गेलं त्याने ती वाढलीच. १९५४ च्या पहिल्या गॉडझिलाच्या पोटात हारुओ नाकाजिमा नावाचे गृहस्थ होते. पहिलं कातडं भरलं जवळपास १०० किलो. त्यात धड पाऊल उचलेना, म्हणून मग हलकं दुसरं केलं. चाल कशी असावी हे ठरवायला ते प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती-अस्वलं बघत बसले. आणि एवढं सोसून १९७२ पर्यंत पुन्हा पुन्हा त्या कातड्यात शिरत राहिले! ती डरकाळी तर घशातली नव्हेच. संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी राळ लावलेला चामडी हातमोजा डबल बेस या भल्यामोठ्या तंतुवाद्याच्या सैल तारांवर घासून ती काढली. म्हणजे पांघरुणात मी थरथरत होते ती एका हातमोज्याला.

किंगकाँगच्या आत कुणी नव्हतं म्हणून हायसं वाटावं, तर तिथे वेगळीच गंमत. १९३३ मधला तो प्रचंड वानर बहुतेक दृश्यांत जेमतेम दीड फुटाची बाहुली. अंगावर सशाची कातडी. दर चौकटीला हाताने तसूभर हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा हलवायची. हात लागला की केस विस्कटायचे, म्हणून पडद्यावर त्याची लव सारखी सळसळताना दिसते. वारा नाही तो, बोटं आहेत. एकदा हे कळल्यावर मला वानर दिसेचना, नुसती बोटंच दिसायला लागली.

हल्लीचे राक्षस संगणकातून येतात. केस न केस वेगळा, लाळसुद्धा चकचकीत. त्यातही कधी कधी संगणकाला हालचाली टिपता याव्यात म्हणून अंगभर ठिपके लावलेला नट असतो, मान्य. पण मी आपली पाठ बघते आणि थोड्या वेळाने घड्याळ.

सगळ्यात जास्त आठवतो तो बोलाजी बडेजो. १९७९ च्या 'एलियन'मधला तो काळा, चकचकीत, बिनडोळ्यांचा जीव म्हणजे ६ फूट १० इंच उंचीचा हा नायजेरियन तरुण. कलेचा विद्यार्थी होता, नट नव्हेच. एकदा मी फक्त त्याच्यासाठी तो चित्रपट पुन्हा पाहिला. ते लांबच लांब हात सावकाश उलगडतात ना, तो संथपणा रबराचा नाही. जगभर लोक त्याला बघून किंचाळले आणि त्याचा चेहरा एकदाही दिसला नाही. पुढे त्याने दुसऱ्या चित्रपटात काम केलं नाही. १९९२ मध्ये गेला, चाळिशीही गाठली नव्हती.

राक्षस हातात तसाच धरून दादाला फोन लावला. म्हटलं, "आत माणूस आहे असं तू म्हणाला होतास, आठवतंय?"

"मी?" तो म्हणाला. "मला काय माहीत आत कोण होतं? मी तर सगळा वेळ डोळे गच्च मिटून बसलो होतो."

कपाट आवरायचं राहिलंच.