तुम्ही विचारलंत म्हणून: पेशंट का बघत नाही?

लग्नात, दहाव्याला, नाशिकच्या सीबीएस स्टँडवर गाडीची वाट बघताना, प्रश्न एकच. "एमडी झालीस ना? मग दवाखाना का नाही टाकलास? पेशंट का बघत नाहीस?" माझ्या बरोबरच्यांचे गंगापूर रोडला बोर्ड लागले आणि मी दिवसभर जठराचे तुकडे मायक्रोस्कोपखाली बघत बसते, हे आत्याला अजून पटलेलं नाही. आजवर "एकेकाची आवड" म्हणून वेळ मारून नेली. आज नीट सांगते.

मी मोजते त्या काहालच्या पेशी. सान्तियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आतड्यात, मज्जातंतू आणि स्नायू यांच्या मधल्या जागेत त्या पाहिल्या. त्याला त्या साध्या मज्जापेशीच वाटल्या. तशा त्या नाहीत. जठर मिनिटाला साधारण 3 वेळा ज्या लयीत हलतं, ती लय त्या देतात. लहान आतड्याच्या सुरुवातीला तीच लय 12च्या आसपास जाते. 1995मध्ये उंदरांवर दिसलं की किट नावाचं जनुक बिघडलं तर आतड्यातल्या या पेशींचं जाळं नीट तयार होत नाही आणि लहान आतड्यातली ही लय देणारी विद्युतलहर उमटत नाही.

या पेशींवर किटचं प्रथिन असतं, म्हणून आम्ही त्याला चिकटून रंग देणारी अँटिबॉडी लावतो. 4 मायक्रॉनचा काप, निळसर पार्श्वभूमी आणि स्नायूच्या दोन थरांच्या मध्ये, मज्जातंतूंच्या गाठीभोवती, तपकिरी लांबट पेशी, दोन्ही टोकांना धागे फुटलेल्या. अ‍ॅलर्जीत भाग घेणाऱ्या मास्ट पेशीही त्याच अँटिबॉडीने तपकिरी होतात, फक्त त्या गोल असतात. पहिल्या वर्षी मी दोन्ही मिळून मोजल्या आणि सहा महिन्यांचे आकडे टाकून द्यावे लागले. हे कुणाला सांगितलं नव्हतं.

मधुमेहात या पेशी कमी होतात. 2011मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने जठर मंदावलेल्या 40 जणांचे तुकडे तपासले, त्यातले निम्मे मधुमेही. सगळ्यात जास्त वेळा दिसलेला बिघाड म्हणजे या पेशींची घट. हे कुणीतरी मायक्रोस्कोपखाली एकेक फील्ड बघून मोजलं म्हणूनच कळलं ना? मग ते पेशंट बघणं का नाही? आत्याशी मी असं भांडते आणि भांडताना मला माझं पूर्ण पटलेलं असतं.

आता ती रात्र.

अण्णांना मधुमेह होऊन 22 वर्षं झाली. निफाडकडची द्राक्षबाग आता भाऊ बघतो. गोडी छाटणीच्या दिवसांत आई तिकडे गेली होती आणि अण्णा माझ्याकडे म्हसरूळला होते. मी लॅबमधून साडेनऊला आले. त्यांचं ताट घासून पालथं घातलेलं होतं. जेवलात का विचारलं, हो म्हणाले. रात्री दोनला त्यांच्या खोलीतून खाटेचा आवाज आला. गेले तर बनियन घामाने चिंब, हात थरथरत होते, मला ओळखायला त्यांना वेळ लागला. मशीनवर साखर 48. साखरेचं पाणी पाजलं, मध चाटवला, पुन्हा तपासली, पुन्हा पाजलं. साखर वर यायलाही फार वेळ लागला. त्याचं कारणही तेव्हाच माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

ते शुद्धीवर आले आणि मी त्यांच्यावर ओरडले. "इन्सुलिन घेता आणि जेवत नाही! ताट नुसतं विसळून ठेवलंत ना?" ते म्हणाले, "जेवलो गं." मी म्हटलं, "अण्णा, खोटं बोलू नका. मी डॉक्टर आहे." हे वाक्य मी बोलले. ते भिंतीकडे तोंड करून झोपले.

सकाळी सहाला त्यांना मोरीत उलटी झाली. मी पाठीवर हात ठेवून उभी होते. बाजरीच्या भाकरीचे तुकडे, मेथीची पानं, एक अख्खा देठ. रात्री आठचं जेवण दहा तासांनी जसंच्या तसं. इन्सुलिनने आपलं काम वेळेवर केलं होतं, अन्न मात्र जठरातून पुढे सरकलंच नव्हतं. अण्णांनी तोंड धुतलं, माझ्याकडे वळून पाहिलं आणि म्हणाले, "बघ. जेवलो होतो."

चार वर्षं मी हेच मोजत होते. नंतर विचारलं तर कळलं, दोन घासांत पोट भरणं, सकाळचे आंबट ढेकर, सगळं वर्षभर चाललं होतं. ते मला "गॅस झालाय" म्हणायचे आणि मी गोळी द्यायचे.

पंचविशीत मी म्हणायचे, पेशंट बघणारे पुष्कळ आहेत, मुळाशी जाणारं कुणी हवं. त्या मुलीला आज विचारावंसं वाटतं, मुळाशी जाताना समोरचा माणूस दिसायचा थांबतो का? ती म्हणेल, दवाखाना टाकला असतास तर दिवसाला साठ जणांना तू तीच गॅसची गोळी दिली असतीस. तिचंही खोटं नाही. दोघींपैकी कुणाचं खरं, ते मला ठरवता आलेलं नाही. तेव्हा आत्या, तुझं म्हणणं अगदीच चूक आहे असं मी यापुढे म्हणणार नाही. पण लॅबही सोडणार नाही.

आता अण्णा दिवसातून सहा वेळा थोडं थोडं, मऊ खातात. इन्सुलिनच्या वेळा त्यांच्या डॉक्टरांनी बदलल्या. मेथी बंद झाली, याचं त्यांना फार वाईट वाटतं.

परवा त्यांनी विचारलं, "माझ्या पोटात किती उरल्यात गं त्या तुझ्या पेशी?" म्हटलं, बघता येत नाही. दुर्बिणीने तुकडा घेतात तो आतल्या अस्तराचा, या पेशी खाली स्नायूत असतात. त्यासाठी ऑपरेशन करून पूर्ण जाडीचा तुकडा काढावा लागतो.

"मग तू कुणाच्या मोजतेस?"

"ज्यांचं काही कारणाने ऑपरेशन झालं, त्यांच्या."

"त्यांना सांगतेस, किती उरल्या ते?"

"नाही, अण्णा. माझ्याकडे नावं नसतात. तुकडा ठेवलेल्या मेणाच्या ब्लॉकवर नुसता नंबर असतो."