चाकाला लागलेली माती

मेलबर्नच्या ईशान्येकडील तूलांगीच्या सरकारी जंगलात ट्रेल बाईक, म्हणजे कच्च्या वाटांवर चालवायची मोटारसायकल, फिरवायची असेल, तर चिखलात घालायचीच गाडी आधी स्वच्छ करून न्यावी, हे ऐकून कोणत्याही कोल्हापूरकराला जे वाटेल तेच मला वाटले: या लोकांना दुसरा उद्योग नाही. ट्रेलरवरून गाड्या उतरल्यावर आमच्या गटातील सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ ताठ केसांचा ब्रश घेऊन प्रत्येक गाडीचे मडगार्ड, चेन आणि टायरच्या खाचा वाकून तपासत होते. एका गाडीच्या इंजिनखालच्या पत्र्याला अडकलेले सुपारीएवढे वाळके ढेकूळसुद्धा त्यांनी खरवडून पिशवीत घातले, तेव्हा मात्र मी कारण विचारले.

येथील जंगलांच्या मातीत फायटोफ्थोरा सिनॅमोमी नावाचा, बुरशीसारखा एक सूक्ष्म जीव पसरला आहे. तो मुळे कुजवतो. मुळांना पाणी ओढता येत नाही आणि भोवती ओल असतानाही झाड तहानेने वाळावे तसे मरते. बँक्शिया आणि ग्रास ट्री यांच्यासारखी येथील मूळ झाडे त्याला चटकन बळी पडतात. एकदा तो रानात शिरला की त्याला तेथून घालवण्याचा उपाय नाही, आणि दुसऱ्या रानात पोहोचायला त्याला बुटाला किंवा चाकाला चिकटलेली थोडी ओली माती पुरते.

हे ऐकून मी थक्क झालो नाही, उलट थोडा दुखावलो. पन्हाळा तालुक्यातील शेतकऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. आल्यात कंदकूज दिसली की तो त्या वाफ्याचे पाणी दुसरीकडे जाऊ देत नाही आणि तेथील कंद बियाण्याला ठेवत नाही. मात्र हे शहाणपण आपल्याकडे बांधापाशी थांबते, हेही खरे. मसाई पठारावर जांभ्यावरचा मातीचा थर जेमतेम काही बोटांचा असतो आणि पावसाळ्यातील सारी फुले त्यावरच येतात. तेथे गाड्या गोल गोल फिरवून व्हिडिओ काढताना हा विचार मनात येत नाही, कारण पठार आपल्या सातबाऱ्यावर नाही.

बाकीचे नियम साधे आहेत. गाडीला नंबर प्लेट हवी, चालवणाऱ्याकडे परवाना हवा, खुल्या असलेल्या रस्त्यावरूनच जायचे आणि झाडीतून नवी वाट पाडायची नाही. परवान्याचे वय अठरा असल्यामुळे शाळकरी मुलांना या जंगलात गाडी चालवता येत नाही. ज्यांच्या घरची शेतजमीन आहे त्यांची मुले तेथे चालवतात. जून महिन्यात, पावसाळी थंडी सुरू झाली की, जंगलातील बरेच कच्चे रस्ते फाटक लावून साधारण ऑक्टोबरअखेरपर्यंत बंद करतात, कारण ओल्या रस्त्यावर चाकांच्या चऱ्या पडतात आणि माती ओढ्यात उतरते. फाटकाशी माणूस नसतो, तरी गाड्या मागे वळतात. याचे कौतुक करताना लक्षात येते की आपले दाजीपूरही जवळपास त्याच महिन्यांत पर्यटकांसाठी बंद असते, आणि तेव्हा वनखात्याला नावे ठेवणाऱ्यांत आपण पुढे असतो. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या शिकारीसाठी राखलेले ते रान १९५८ साली अभयारण्य झाले. त्यामुळे जंगल राखणे आपण परदेशातून शिकलो, असे कोणी म्हटले तर मला ते पटणार नाही.

शिवाय तुलनेला मर्यादा आहे. येथील मूळ रहिवाशांना हुसकावल्यावर ही रिकामी झालेली जंगले सुट्टीच्या दिवशी फिरायला उरली. आपल्या राधानगरी–गगनबावड्याच्या डोंगरात धनगरवाडे आहेत, आणि तेथून दुधाचे कॅन लावून कच्च्या वाटेने उतरणाऱ्या माणसाची गाडी आणि माझी हौसेची गाडी यांना एकच नियम लावणे अन्यायाचे होईल. मी ही हौस परदेशात येऊन करतो, गावाकडे तिच्यासाठी ना सवड होती ना पैसा, हेही वाचकांनी लक्षात घ्यावे.

आवाजाच्या बाबतीत मात्र मी पूर्णपणे येथील लोकांच्या बाजूचा आहे. ट्रेल बाईकला ९४ डेसिबलची मर्यादा आहे, आणि सायलेन्सर बदलून बुलेटचे फटाके उडवणाऱ्यांना तिच्यात बसवणे अवघड जाईल. वळणावर समोरून घोडेस्वार आला, तर कडेला थांबून इंजिन बंद करायचे आणि स्वाराशी दोन शब्द बोलायचे, म्हणजे हेल्मेटखाली माणूसच आहे हे घोड्याला कळते. फोनवर भाच्याला हे सांगितले, तर तो म्हणाला, "मामा, गव्यापुढं गाडी कोण बंद करतंय?" दाजीपूरपुरते त्याचे म्हणणे रास्त आहे. लांब थांबायचे, हॉर्न वाजवायचा नाही आणि कळप वाट ओलांडेपर्यंत गाडी रेस करायची नाही, एवढे मात्र त्याने कबूल केले.