उमरावाची मुलगी आणि जुगारखान्याचा मालक

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील लंडनवरच्या प्रेमकादंबऱ्या मी आवडीने वाचते, हे ज्यांना ठाऊक आहे ते हमखास विचारतात की, उमरावाची मुलगी आणि गुन्हेगारांत वाढलेला जुगारखान्याचा मालक प्रत्यक्षात कधी समोरासमोर तरी आले असतील का. माझे उत्तर असे की, या दोन जगांमध्ये भिंत होती, पण तिला दार होते आणि ते दार कर्जाचे होते.

विल्यम क्रॉकफर्डचेच पाहा. टेंपल बारजवळच्या मासेविक्रेत्याच्या या मुलाने १८२८ साली सेंट जेम्स स्ट्रीटवर आलिशान क्लब उघडला आणि खुद्द ड्यूक ऑफ वेलिंग्टन त्याचे सभासद झाले. तिथून चालत काही मिनिटांवर किंग स्ट्रीटला ऑल्मॅक्सचे नृत्यगृह होते. तिथली प्रवेशपत्रे कोणाला द्यायची हे मोजक्या उच्चकुलीन स्त्रिया ठरवत आणि क्रॉकफर्डसारख्याला ती मिळण्याची शक्यताच नव्हती. मात्र ऑल्मॅक्समध्ये नाचणारे तरुण उमराव रात्री त्याच्याच मेजावर हॅझर्ड नावाच्या फाशांच्या खेळात वडिलोपार्जित जमिनी घालवत. १७१० च्या कायद्यामुळे जुगाराचे देणे न्यायालयात वसूल करता येत नसे, म्हणून ते अब्रूचे ऋण मानले जाई. शिंप्याचे पैसे वर्षानुवर्षे थकवणारा उमरावही हे ऋण आधी फेडी. अशा घरातील मुलीच्या हुंड्यावर जुगारखान्याच्या मालकाची सावली पडणे मला मुळीच अशक्य वाटत नाही.

नायिका वेषांतर करून जुगारखान्यात शिरते, हा प्रसंग मात्र मला ओढूनताणून आणलेला वाटतो, कारण त्याची गरजच नाही. १७९० च्या दशकात लेडी बकिंगहॅमशायर स्वतःच्या घरी फारो या पत्त्यांच्या जुगाराचा डाव चालवत असत आणि १७९७ मध्ये त्यांना त्यासाठी ५० पौंड दंड झाला. एवढी धीट स्त्री इतिहासात हजर असताना लेखकांनी पुरुषी कोटाचा आधार का घ्यावा?

माझी खरी तक्रार सेंट जाइल्स या लंडनमधल्या दाटीवाटीच्या गरीब वस्तीबद्दल आहे. नायक तिथल्या गल्ल्यांतून वर आला, एवढे सांगून बहुतेक कादंबऱ्या पुढे सरकतात. १८४७ मध्ये त्या वस्तीच्या मधून न्यू ऑक्सफर्ड स्ट्रीट काढला गेला, तेव्हा बेघर झालेली कुटुंबे शेजारच्या आधीच तुडुंब भरलेल्या खोल्यांत कोंबली गेली. हे दारिद्र्य केवळ नायकाच्या देखणेपणाला गूढ छटा देण्यापुरते वापरणारे पुस्तक मी मिटून ठेवते.

आणि विवाह? विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेविषयीच्या १८८२ च्या कायद्यापूर्वी लग्न होताच पत्नीचा पैसा पतीच्या हाती जाई. त्याला अटकाव करायचा तर लग्नाआधी रीतसर करार करून तिची मालमत्ता विश्वस्तांकडे सोपवावी लागे. ज्याने आयुष्यभर इतरांच्या ऋणावर सत्ता गाजवली, तो माणूस असा करार स्वतःहून वकिलाकडून लिहवून घेतो आणि तिच्या पैशावरचा आपला हक्क सोडतो, तिथे मला त्याच्या प्रेमाची खात्री पटते. त्याआधीची सगळी चुंबने मी जरा संशयानेच वाचलेली असतात.