पाचरी सैल करायचा दिवस

कमानीखालचा साचा, म्हणजे बांधताना दगड पेलून धरणारा, पाचरींवर टेकलेला लाकडी सांगाडा, उतरवायचा असला की कुठली पाचर आधी सैल करायची, हे आदल्या संध्याकाळीच ठरवून घ्यावं लागतं. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका ओढ्यावरच्या पुलाचा गाळा साडेतीन मीटरचा, कमान ३१ दगडांची. दगड गोकाककडच्या पाथरवटांनी घडवलेले, लाकडी साचा खानापूरच्या सुतारांचा. निम्मं बोलणं कन्नडात, निम्मं मराठीत. कमानीला दोघंही कमानच म्हणतात, कन्नडात फक्त शेवटी उकार लागतो.

जुन्या डागडुजीत कुणीतरी सांध्यांत सिमेंट भरून उघड्या लोखंडी पट्ट्या ठोकल्या होत्या. लोखंड गंजलं की फुगतं आणि दगडाचा कोपरा उडवतं. सिमेंट ओल आतच कोंडून ठेवतं, म्हणजे गंज आणखी जोरात. नऊ दगड असे वाया गेले.

लोखंड दगडात कसं ठेवायचं, ते मोस्तारला बघायला मिळालं. बोस्नियातला, नेरेत्वा नदीवरचा तिथला जुना पूल उस्मानी (ऑटोमन) काळातला, मिमार हैरुद्दीननं १५६६ मध्ये पुरा केलेला. एकच कमान, जवळजवळ २९ मीटरची. दगड 'तेनेलिया' नावाचा, तिथलाच चुनखडी. दगडाला दगड लोखंडी आकड्यांनी बांधलेला आणि आकड्याभोवती वितळलेलं शिसं ओतलेलं. शिसं पाणी आत जाऊ देत नाही. हे काम सव्वाचारशे वर्षांवर टिकलं. ९ नोव्हेंबर १९९३ ला तिथल्या क्रोएट फौजांच्या तोफांनी ते पाडलं. नदीतून काढलेले दगड कमानीत परत बसवण्याजोगे उरले नव्हते, म्हणून त्याच जातीचा दगड नव्यानं काढून, जुन्याच पद्धतीनं बांधून २३ जुलै २००४ ला पूल पुन्हा खुला झाला. काँक्रीटचा गाळा टाकून वरून दगडी मुलामा देणं सोपं गेलं असतं. ते केलं नाही, याचं मला फार मोल वाटतं.

आम्ही आकडे स्टेनलेस स्टीलचे घेतले, शिसं मात्र ओतलंच. आकड्याची खोबण आधी ब्लो-लँपच्या ज्योतीनं पूर्ण कोरडी करायची. आत पाण्याचा थेंब राहिला तर वाफ होऊन शिसं तोंडावर उडतं. एका खोबणीत तसं झालंच; मुखवटा आणि कातडी हातमोजे होते म्हणून निभावलं. थंड होताना शिसं आकसतं, त्यामुळे ओतून भागत नाही, बोथट छिन्नीनं ठोकून कडा दाबाव्या लागतात. सांध्यांना पंधरा दिवस भिजवलेला चुना, सुरखी (विटांची पूड) आणि वाळू, १:१:२. सहा आठवडे ओली पोती. चुन्याला घाई चालत नाही.

त्या सकाळी मधल्या टेकूपासून सुरुवात केली. पाचरींची जोडी एका वेळी तीनेक मिलिमीटर सैल करायची, मग तितकीच दोन्ही अंगांना, कडेकडे सरकत. एकच बाजू आधी उतरली तर कमान त्या बाजूला बसते आणि पलीकडे फुगते; सांधा उघडला की चुना परत जुळत नाही. प्रत्येक फेरीनंतर दहा मिनिटं थांबायचं. पाथरवट ओरडत होते, "निधान, निधान!" सुतारांना अर्थ सांगावा लागला नाही, इथं 'सावकाश'ला सगळेच निधान म्हणतात.

काठावर गाव जमलं होतं. पुलाच्या पाटीवर कुठली भाषा वर, कुठली खाली, यावरून आवाज चढले. १९५६ पासूनचं सीमावादाचं हे दुखणं खरं आहे. ज्यांची पोरं मराठी शाळेत जातात त्यांना पाटी ही किरकोळ गोष्ट वाटत नाही, वाटूही नये. मोस्तारच्या पुलाशी एका दगडावर '९३ विसरू नका' असं इंग्रजीत रंगवलंय, आणि तिथल्या जुन्या हायस्कुलात एकाच छपराखाली दोन समाजांची मुलं दोन वेगळे अभ्यासक्रम शिकतात. त्या दगडापाशी मी बराच वेळ उभा होतो.

चौथ्या फेरीनंतर चावीच्या, म्हणजे कमानीच्या माथ्यावरच्या मधल्या दगडाखालचा, कमान किती बसली ते मोजणारा डायल गेज दोन मिलिमीटरवर थांबला. पाचव्या फेरीत हललाच नाही. साचा खरंच सुटला का, ते बघायला फळी आणि दगड यांच्यामधून पुठ्ठा आरपार जावा लागतो. ओढ्याच्या वरच्या अंगानं सुतारानं सरकवलेला पुठ्ठा खालच्या अंगाला पाथरवटानं ओढून घेतला.