लोड टेस्ट पास झालेला स्लॅब

कारखानदारांनी पुढे ठेवलेल्या फाइलला नाव ठेवायला जागा नव्हती. सोलापूरच्या पूर्व भागातला टॉवेलचा कारखाना. खाली वार्पिंग (उभे धागे रुळावर गुंडाळण्याचं काम) आणि गोदाम, वरच्या मजल्यावर यंत्रमाग. स्लॅबला खालून भेगा दिसल्या म्हणून त्यांनी आधी दुसऱ्या सल्लागाराकडून तपासणी करून घेतली होती. काँक्रीटवर ठोकून कठीणपणा बघणारा रिबाउंड हॅमर ठीक, आतून ध्वनिलहरी पाठवून घेतलेले अल्ट्रासोनिकचे आकडे ठीक. काँक्रीट बांधकामाच्या आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे लोड टेस्टसुद्धा झाली होती: वापरभाराच्या सव्वापट वजनाची वाळूची पोती २४ तास ठेवली, उतरवल्यावर पुढच्या २४ तासांत स्लॅब जितका वाकला होता त्याच्या ७५ टक्क्यांहून जास्त परत वर आला. निकाल पास.

"मग भेगा वाढायल्यात कशा मॅडम?" त्यांनी विचारलं. प्रश्न अगदी रास्त होता. त्या सगळ्या तपासण्या झाल्या तेव्हा माग बंद होते.

मी माग चालू असताना वर गेले. साधा धोट्याचा माग मिनिटाला १३० च्या आसपास फेरे मारतो. दर फेऱ्याला धोटा या टोकाकडून त्या टोकाला फेकला जातो, फणी पुढे येऊन आडवा धागा ठोकते आणि तो झटका पायांतून स्लॅबमध्ये उतरतो. मोटारींचे वेग एकमेकांपासून किंचित वेगळे असतात, त्यामुळे काही सेकंद सगळे माग एका ठेक्यात येतात आणि जमीन जोरात हलते, मग पांगतात आणि हादरा विरतो. हे चक्र सतत चालू. दोन पाळ्यांचे २० तास धरले तर दिवसाला १,५६,००० फेरे. वर्षाचे ३०० दिवस धरले तर पावणेपाच कोटींच्या घरात. प्रयोगशाळेत तुळईची थकव्याची चाचणी, म्हणजे तोच भार पुन्हा पुन्हा देऊन ती कधी मोडते ते पाहणं, पुष्कळदा २० लाख आवर्तनांवर थांबवतात. हा स्लॅब तेवढी आवर्तनं दोन आठवड्यांच्या आत उरकतो.

मागांची देखभाल-दुरुस्ती बघणाऱ्या जॉबरला विचारलं, सगळ्यात त्रास कुठल्या ओळीत? त्यानं क्षणभरही विचार केला नाही. "मधली ओळ. तिथले नट बसतच नाहीत. आवळून आवळून हात दुखतो." ती ओळ बरोबर त्या भेगेच्या डोक्यावर होती. आधीच्या तपासणीत या माणसाशी कोणी बोललंच नव्हतं. हे मला फार खटकतं. उपकरणं घेऊन येणारे आपण लोक, रोज तिथे उभं राहणाऱ्याला दोन प्रश्न विचारायला काय जातं?

खाली येऊन भेगेला भिंग लावलं. माग चालू असताना भेगेचे ओठ उघडत-मिटत होते, डोळ्याला कळेल इतके. कडा एकमेकींवर घासून बारीक पांढरी भुकटी झडत होती. भेगेवर प्लास्टरनं चिकटवलेली काचपट्टी दुपारपर्यंत तडकली. मग त्या ओळीचे माग बंद करायला लावले, खाली टेकू दिले आणि तिथलं कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, छिन्नीनं उघडलं.

सळई तुटलेली होती. गंज जवळजवळ नाही. तुटलेल्या तोंडाचा अर्धाअधिक भाग गुळगुळीत, त्यावर एका बिंदूभोवती कमानीसारख्या बारीक रेषा. उरलेला भाग खरखरीत, दाणेदार. गुळगुळीत भाग म्हणजे चीर सावकाश सरकत गेली ती जागा, दाणेदार भाग शेवटी एका दमात तुटलेला. आणि ज्या बिंदूपासून रेषा सुरू होत होत्या, तिथे वेल्डिंगचा टाका होता. केबल ट्रे टांगण्यासाठी कोणीतरी स्लॅब फोडून सळईलाच अँगल डागला होता. स्थिर वजनाला तो टाका बहुधा कधीच नडला नसता. पण वर्षाला कोट्यवधी हेलकावे घेणाऱ्या सळईवर असा टाका म्हणजे चिरेला आयतं घर. वायरमनला हे कोण सांगणार? पण त्याच्यावर देखरेख करणाऱ्या इंजिनिअरला माहीत असायलाच हवं होतं.

लोखंडाचा थकवा व्योलर या इंजिनिअरनं जर्मनीत रेल्वेच्या आसांवर १९व्या शतकाच्या मध्यात अभ्यासला. काँक्रीटचं वागणं आणखी अवघड. पोलादाला एक मर्यादा सापडते, जिच्याखाली ताणाचे हेलकावे राहिले तर ते जवळपास कितीही सोसतं. काँक्रीटला अशी स्पष्ट मर्यादा दिसत नाही. १ कोटी आवर्तनांपर्यंत टिकायचं तर साधारण मूळ ताकदीच्या ५५ टक्क्यांवर भागवावं लागतं. शिवाय भेगा वाढल्या की स्लॅब लवचिक होतो, त्याची स्वतःची कंप्रता (सेकंदाला किती वेळा हलतो तो आकडा) खाली येते आणि मागाच्या वेगाच्या पटींपैकी एखादीजवळ जाऊन बसू शकते. मग तेच माग त्याच स्लॅबला पूर्वीपेक्षा जास्त हलवतात. काँक्रीटच्या रस्त्यांसाठी आयआरसी ५८ या रस्त्यांच्या संहितेप्रमाणे आपण थकव्याचा हिशोब नेमानं करतो. मागाखालच्या स्लॅबला मात्र वजन मोजून मोकळे होतो, आणि कॉलेजातही तेच शिकवतो.

मधली ओळ खालच्या मजल्यावर हलवली, तिथे जोत्यावर वेगळा पाया केला. तुटलेल्या सळईच्या जागी नवी सळई दोन्ही बाजूंना पुरेशी पुढे नेऊन, वेल्डिंग न करता बसवली. केबल ट्रे आता भिंतीवरून जातो. हे सगळं कारखानदारांनी कुरकुर न करता केलं.

अडलं ते स्लॅबच्या बाजूच्या खणांवर, म्हणजे तुळयांमधल्या शेजारच्या भागांवर. तिथे वेल्डिंगचा टाका नाही, भेगा केसाएवढ्या आहेत, माग अजून वरच आहेत. त्यांचा प्रश्न होता, "हे अजून किती वर्षं चालंल, तेवढं लिहून द्या. बँकेला लागतंय." माझ्याकडे त्या खणांचा आजवरचा इतिहास नाही: कोणत्या वर्षी किती माग, किती पाळ्या, कुठल्या वेगानं. आणि असता तरी एकसारखे नमुने एकाच ताणाखाली अनेक पटींच्या फरकानं तुटतात. मी वर्षांचा आकडा लिहिला नाही. भेगांच्या टोकांवर तारखा घातल्या, माग चालू आणि बंद असताना रुंदी मोजून तक्ता बनवला, दर महिन्याला मोजायचं लिहून दिलं. बँकेनं तो अहवाल परत पाठवला. त्यांना 'सुरक्षित' हा शब्द हवाय. तो लिहून देणारे सोलापुरात मिळतील, हे कारखानदारांनाही ठाऊक आहे. परवा जॉबरनं पहिला तक्ता भरून पाठवला: एका खणात माग चालू असताना भेग ०.१ मिलिमीटरनं जास्त उघडतेय. त्या खणावरचे माग एका पाळीवर आणा, असं मी कळवलंय. उत्तर अजून आलेलं नाही.