अनुवादक संघटनेचा अर्ज भरताना

आज वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात काही अनुवादक मित्रांचे संघटनेच्या सभासदत्वाचे अर्ज एकत्र बसून भरले. सगळ्यांचं घोडं अडलं ते अनुभवाच्या पुराव्यापाशी. 'बरीच वर्षं काम करतोय' एवढ्यावर भागत नाही. बिलं, कामाच्या ऑर्डरी आणि आयकर खात्याकडचा फॉर्म २६एएस जोडा. या फॉर्ममध्ये कोणी किती टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) कापला ते वर्षवार दिसतं, त्यामुळे शंकेला जागा उरत नाही. अनुवादसेवांसाठीच्या आयएसओ १७१०० या आंतरराष्ट्रीय मानकातही अनुवादाची पदवी नसेल तर इतर विषयातली पदवी आणि २ वर्षं, किंवा पदवीशिवाय ५ वर्षं पूर्णवेळ अनुभव लागतो.

भाषाजोडी लिहिताना दिशा लिहाच. गुजराती ते मराठी आणि मराठी ते गुजराती ही दोन वेगळी कामं आहेत. आपल्या वडोदऱ्यात जुन्या संस्थानी कागदांमुळे मोडी लिपीचं काम बरंच असतं, पण मोडीचं देवनागरी करणं हे लिप्यंतर, अनुवाद नव्हे. ते स्वतंत्र नोंदवा.

केलेल्या कामाचा नमुना पाठवताना ग्राहकाची लेखी परवानगी घ्या. नुसतं नाव खोडून चालत नाही. सर्व्हे नंबर, तारखा यांवरूनही माणूस ओळखू येतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली फाइल तशीच पाठवली, तर समोरच्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसतो आणि अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं उमटतात. मजकूर युनिकोडमध्ये आणा, जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांखालून घाला, मगच पीडीएफ करा.

फी भरण्याआधी नियमावली मागून घ्या. दुभाष्यांसाठी वेगळा वर्ग आहे का, तक्रार आली तर कोण ऐकतं, हे माझ्या मते सवलतींपेक्षा महत्त्वाचं. कोणाचा अर्ज अडला असेल तर खाली लिहा.