टाटा मर्सिडीजच्या काचांची रबरं बदलली तेव्हा

आमच्या आण्णांचा ट्रक १९६८ चा, नाकावर अजून मर्सिडीजचा तारा आहे (टाटांच्या टेल्को कंपनीचा मर्सिडीजवाल्या डाइम्लर-बेंझशी १९५४ चा करार १९६९ ला संपला, मग टाटाचा टी आला). आता धंद्याला नाही, नुसता हौसेला ठेवलाय. पण पावसात बाहेर काढला की ड्रायव्हरच्या गुडघ्यावर टपटप चालू.

रेडिमेड रबर मिळेल हा माझा भ्रम, कारण त्यावेळी कंपनी नुसती चासी द्यायची आणि केबिन गावचा बॉडीवाला बांधायचा, त्यामुळे प्रत्येक गाडीचं माप वेगळं. कोल्हापुरात उद्यमनगरात जाऊन फुटावर रबर घेतलं तर ते ६ एमएम काचेचं निघालं, आमची काच ५ ची, खाचेत खुळखुळ वाजायला लागली. परत हेलपाटा. यावेळी जुन्या रबराचा तुकडाच खिशात घालून गेलो, रबरातली काच बसायची खाच वेगळी मोजली आणि पत्रा बसायची वेगळी.

जुनं रबर तर दगड झालेलं, कटरनं कापून काढलं. खाली बघतो तर पत्रा कोपऱ्यात चाळणी. ते वेल्डिंग, घासणं, गंज थांबवणारा रेड ऑक्साइडचा हात, रंग यातच चार दिवस गेले, खरं काम तेच.

काच बसवायला मिस्त्रीचाचा आले. रबर आधी काचेला चढवलं, मी ताणून बसवायला लागलो तर म्हणाले, "लेका, ताणू नको, उन्हात आकसतं आणि सांधा उघडतो, उलट बोटभर जास्तच ठेव." मग रबराच्या पत्रा बसायच्या खाचेत सगळीकडून सुतळी फिरवली, दोन्ही टोकं आत, साबणाचं पाणी लावलं, आतून मी सुतळी हळूहळू ओढतोय आणि बाहेरून चाचा तळव्यानं काचेवर थापट्या मारतायत, तसतशी रबराची कड पत्र्यावर उलटून बसत गेली. दरवाज्याच्या पट्ट्या सोप्या, जुना गम थिनरनं पुसून दोन्हीकडं नवा लावायचा आणि बोटाला चिकट लागेपर्यंत थांबायचं. मी घाई केली, एक पट्टी दुसऱ्या दिवशी लोंबकळत होती.

शेवटी पाइपानं पाणी मारलं. आण्णा आत बसलेले.

"अरे, गुडघा भिजला!"

परत सगळी रबरं चाचपली, सगळी कोरडी. पाणी येत होतं वायपरच्या दांडीच्या भोकातनं, तिथला वॉशर कुजून गेलेला. टायरच्या ट्यूबचा तुकडा गोल कापून घातला, थांबलं.